मम्मी दिवाळीनंतर नवरी होणार आहे

बमरोली, सुरत
१४ सप्टेंबर २०२५

ति. धुरपदाबाईस,
धाकट्या योगराजचा नमस्कार.

भगवानकडून लिहवून घेतलेलं तुझं पत्र मिळालं. दीपक गेल्यावर त्याच्या पोरांसाठी मामाने काय केलं, असं विचारतेस. विचारलंस ते बरं केलंस. या दोन हातांनी केलं ते असं: पायाने झुलणारा सागाचा पाळणा. साड्यांवरचे खडे ठेवायचा झाकणाचा ट्रे, त्याचं झाकण सुपडूला उघडत नाही. गॅसच्या बटणांवर पत्र्याची पट्टी, ती मोठ्या माणसाच्या अंगठ्यानेच सरकते. अमितला नळापर्यंत हात पोचावा म्हणून मोरीत एक पायरी, खाली रबर लावलेली, घसरत नाही. शर्वरीच्या दप्तराला नवा पट्टा. खिडकीला जाळी. यातल्या एकाही वस्तूत खिळ्याचं डोकं बोटाला लागलं तर मला फिटर म्हणू नकोस. मला हे कुणी शिकवलेलं नाही. बघितलं, खोललं, पुन्हा जोडलं, तसं आलं.

हे फोनवर सांगितलं असतं, पण तुझे कान वयाने गेले आणि माझे कारखान्यातल्या मागांच्या खडखडाटाने. आपण दोघं फोनवर बोलतो ते म्हणजे समोरासमोर दोन माग चालू. त्यापेक्षा कागद बरा.

पाळण्याचं नीट सांगतो. सुषमा घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. तिला दोन्ही हात मोकळे लागतात, आणि सुपडू तर झुलवल्याशिवाय डोळा मिटत नाही. म्हणून पायपट्टी. पहिल्यांदा मी मागाचाच दांडा बसवला होता. तिने दोनदा झुलवून पाहिलं आणि म्हणाली, "मामा, हा पाळणा नाही, माग आहे. यात सुपडू झोपणार नाही, कापड होऊन बाहेर पडेल." तुझी भावजय जयश्री इतकी हसली की मला राग आला. मग सुषमाच्या सांगण्यावरून दांड्याच्या जोडात सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. तेवढा तुकडा सोडला तर बाकी सगळं माझं.

तुझी सून कशी राहते ते तू विचारलं नाहीस, तरी लिहितो, कारण आमची दारं समोरासमोर आहेत आणि मी बघतो. सकाळी नळाला पाणी आलं की तिची सुरुवात. अमितला पोळी जात नाही. तर ती पोळीचे तुकडे करते, प्रत्येक तुकडा एक ट्रक, आणि अमितचं तोंड म्हणजे हजिरा बंदर. एकीकडे शर्वरीच्या वेण्या घालता घालता ती ट्रकांचे नंबर ओरडते, आणि ट्रक हजिऱ्यात जातात. वेणीची ओढ कमी-जास्त होत नाही. मी मुद्दाम बघितलं आहे.

शर्वरीची शाळा मराठी, पण गुजराती हा विषय असतोच, आणि गल्ली तर सगळी गुजरातीच. सुषमाला ती अक्षरं येत नव्हती. पोर पहिलीत गेली तेव्हा तिच्या शेजारी बसून तीही शिकली. आता शर्वरी धडा वाचते, ही खडे लावत ऐकते, आणि वाचून झाला की म्हणते, आता हाच धडा आजीला सांगशील तसा सांग. मग पोर तो अहिराणीत सांगते. तुला कळेल असा.

रागवत नाही असं लिहिणार नाही. रागवते, चांगली ओरडते. पण ओरडून झालं की ज्याच्यावर ओरडली त्याचंच एखादं काम हातात घेते. बटण लावते, नाहीतर पेन्सिलीला टोक करते. पोरांना ते कळतं.

सध्या दिवाळीचा सीझन आहे. लाल-पिवळ्या, लग्नाच्या साड्यांचे गठ्ठे छताला टेकलेत. जयश्री म्हणते, घर अगदी लग्नघर दिसतं.

खाली शर्वरीने तुला चार ओळी लिहिल्या आहेत. शुद्धलेखन मी तपासलं. एका ठिकाणी वेलांटी ऱ्हस्व होती, ती दीर्घ केली.

तुझा
योगराज

प्रिय आजी, तू कशी आहेस? मम्मी आत्ता जरापण नवरी नाही. दिवाळीनंतर नवरी होणार आहे. मामाआजोबांना विचारलं, तेपण बोलले की दिवाळीनंतरच. मग आम्ही तिघं तुझ्याकडे राहायला येणार. सुपडू आता पळतो. तुझी शर्वरी.


पिंपळे, ता. अमळनेर
२२ सप्टेंबर २०२५

चि. योगराज यास आशीर्वाद.

हे अक्षर भगवानचं, बोलणं माझं. त्याने मध्ये आपली अक्कल घालायची नाही असं बजावलं आहे.

तू वस्तू मोजून लिहिल्यास. पायरीच्या खाली रबर आहे हेसुद्धा लिहिलंस. आणि घरातली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र आठ वर्षांच्या पोरीकडून लिहवलीस. का रे, बहिणीला तोंड दाखवायची लाज वाटली?

मी तुझं पत्र भगवानकडून पुन्हा पुन्हा वाचवून घेतलं. लग्नाच्या साड्या छतापर्यंत. घर लग्नघर दिसतं. तूच लिहिलंस. दिवाळीनंतरच, हेही तूच पोरीला सांगितलंस. तुझ्या त्या पाळण्याचं कौतुक मला आता कळलं. तिला हात मोकळे पाहिजेत.

ती तरुण आहे. मला तिचा राग नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल, आणि राग आहे असं सांगितलं तर तेही पुरतं खरं नाही. सुपडू जन्मला तेव्हा त्याचा बाप जाऊन तीन महिने झाले होते. ह्याला तरी कुणाची नजर लागू नये म्हणून मी त्याला सुपात घातलं, सुपडू नाव ठेवलं. तेव्हा ती बाजेवर पडल्या पडल्या मला म्हणाली होती, आई, मी या पोरांना सोडून कुठे जाणार नाही. मी तिच्याकडून वदवून घेतलं नव्हतं. तीच म्हणाली होती.

आता पोरीनेच लिहिलं आहे, मग आम्ही तिघं तुझ्याकडे राहायला येणार. म्हणजे तुम्ही ठरवून मोकळे झालात. तर दिवाळीपर्यंत तरी कशाला थांबायचं? माझा वाल्मिक दसऱ्यानंतरच्या रविवारी येतो आहे. त्याला मी फोन करू दिला नाही. असल्या गोष्टी फोनवर विचारायच्या नसतात. तिघांचे कपडे बांधून ठेव, शर्वरी-अमितचे शाळेचे दाखले काढून ठेव. दोन म्हशी आहेत, दुधाला कमी पडणार नाही.

आता पुढचं मी बोलते तसंच लिही, असं भगवानला सांगितलं आहे: मना दीपकना पोरे माले धाडी दे.

तुझी बहीण
धुरपदाबाई

(काकूंनी मना केलं आहे तरी लिहितो. मामा, एकदा नीट विचारून घ्यावं असं मला वाटतं. – भगवान)


बमरोली, सुरत
२७ सप्टेंबर २०२५

ति. बाईस,
योगराजचा नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. मला आधी वाटलं, माझ्यापासूनही काही लपवलं जातंय. घरातली जाळी, पट्टी, पायरी सगळं मला माहीत आणि एवढी गोष्ट नाही? मी तसाच उठलो आणि समोरच्या घरात गेलो. सुषमा खडे लावत होती, पाय पट्टीवर, सुपडू पाळण्यात. जयश्री साड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्याउभ्याच पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. माझं मोठ्याने म्हणजे कसं असतं ते तुला माहीत आहे, शेजाऱ्यांनीही ऐकलं असेल.

सुषमाच्या चिमट्यात खडा तसाच राहिला. पाय थांबला. सुपडू कुरकुरला, तशी तिने त्याला उचलून मांडीवर घेतलं आणि फक्त विचारलं, वाल्मिकभाऊ कुठल्या रविवारी येणार म्हणाले?

मग जयश्री म्हणाली, पोरीने काय लिहिलं होतं ते पुन्हा सांगा. मी सांगितलं. तिने हातातली साडी खाली ठेवली, कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "अहो, नवरी. नवरी!"

बाई, आता नीट वाच. भगवानला सावकाश वाचायला सांग. इथे गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी. हाताला काम नसलेली बाई. दुकानदार विचारतो, नवरा छो? म्हणजे मोकळे आहात का. इथे शेजारीण शेजारणीला सांगते, आज जराय नवरी नथी, म्हणजे आज जराही फुरसत नाही. शर्वरी दिवसभर हेच ऐकते. शाळा सुटल्यावर ती आईला विचारते, मम्मी, तू कधी नवरी होणार, गावी कधी जायचं? आणि सुषमा म्हणते, हा सीझन होऊ दे, दिवाळीनंतर. मीही तेच सांगितलं होतं. राहायला येणार म्हणजे सुट्टीत येणार, आईसकट. पोरीने आईला मोजलंच नाही, कारण आई बरोबर असणारच, त्यात लिहायचं काय?

आणि मी ते वाचलं होतं. पोरीने नवरि लिहिलं होतं, मी वेलांटी दीर्घ केली. शब्द तसाच ठेवला. तीस वर्षांत माझा कान इतका सुरती झाला की अमळनेर तालुक्यात तो शब्द कसा वाजेल हे ध्यानातच आलं नाही. जयश्री आता येता-जाता मला विचारते, काय मिस्त्री, वेलांटी नीट बसली का?

आम्ही हसलो, बाई. सुषमा हसली नाही. मी म्हटलं, मी आजच लिहून कळवतो, गैरसमज झाला. ती म्हणाली, "मामा, मी कुठल्याच भाषेत नवरी नाही, हे आईंना लिहा. आणि पोरं मी देणार नाही, हेही लिहा. दोन्ही एकाच पत्रात लिहा."

लिहिलं आहे.

अमितने विचारलं, मम्मी का रडली? ती म्हणाली, आजी येणार आहे ना, म्हणून. आता हे तिने म्हटलं म्हणून तू ये, असं नाही. मी सांगतो म्हणून ये. तुझ्याबद्दल तिने पोरांसमोर एक वाकडा शब्द काढला नाही. तुझं पत्र वाचून झाल्यावर तिने शर्वरीला जवळ घेतलं आणि सांगितलं, तू काही चुकीचं लिहिलं नाहीस, आजीकडे तो शब्द वेगळा असतो, तू दोन्ही शिक. माझ्याकडे बघून मात्र म्हणाली, मामांना पण शिकव.

कपडे बांधलेले नाहीत. दाखले काढलेले नाहीत. वाल्मिक येतो आहे तर त्याच्याबरोबर तू ये. मी उधना स्टेशनवर घ्यायला येईन. तिच्या घरी राहा, माझ्याकडे नको. सगळं बघ. बघून झाल्यावरही पोरं न्यावीशी वाटली तर तू तिच्याशी बोल. मी मध्ये पडणार नाही. पण कुठल्या बाजूला उभा असेन ते आताच सांगून ठेवतो. तिच्या.

तुझा
योगराज


पिंपळे, ता. अमळनेर
१३ ऑक्टोबर २०२५

चि. योगराज यास आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. वाल्मिक गाडीत बसायला जागा मिळेपर्यंत तुझ्या नावाने बडबडत होता. म्हणे, मामांनी एका वेलांटीपायी आईला सुरत दाखवली.

गाडीत बसल्यावर मला जे आठवलं ते तुला तोंडावर सांगितलं नाही, म्हणून लिहवते.

पहिल्या दिवशी ठरवलं होतं, सुनेच्या आधी उठायचं. उठले तर ती पाणी भरून पोरांचे कपडे पाण्यात टाकून बसली होती. मला म्हणाली, आई, तुम्ही एक काम करा, पाळण्याच्या पट्टीवर पाय ठेवा. मला वाटलं, म्हातारीला बसवून ठेवते आहे. पण ते कामच होतं. मी पाय हलवला म्हणून तिच्या दोन साड्या दुपारच्या आत झाल्या. पट्टी जड नाही, माझ्या गुडघ्यालाही लागली नाही. चांगली केली आहेस. आता फुगू नकोस.

सुपडू पहिले दोन दिवस माझ्याकडे आला नाही. त्याला सुपात घालणारी बाई मी, आणि तो माझं तोंड बघून आईच्या पदरात जायचा. मला वाईट वाटलं. मग मनात आलं, वाल्मिकने याला उचलून आणलं असतं तर हा पोर माझ्या घरात किती दिवस कुणाचा पदर शोधत राहिला असता?

अमितने तो खड्यांचा ट्रे पाडला तेव्हा मी तिथेच होते. झाकण लावायचं राहिलं होतं, घरभर खडे झाले. ती अशी ओरडली की मीच दचकले. म्हटलं, आता हात उचलते. तिने त्याचा शाळेचा बूट घेतला आणि पॉलिश करायला बसली. तो समोर बसून एकेक खडा वेचत होता. बूट चकचकीत झाला, खडे ट्रेमध्ये गेले, आणि तो म्हणाला, मम्मी, हजिरा उघडा शे. तिने त्याच्या तोंडात गुळाचा खडा घातला.

आणि शर्वरी. मला वाटलं होतं, सुरतेत पोर माझी भाषा विसरली असेल. तिने मला त्या गुजराती धड्यातली कोल्ह्याची गोष्ट सांगितली, सगळी अहिराणीत, माझ्या आईसारखी हातवारे करत. मी विचारलं, कुणी शिकवली? म्हणाली, मम्मी रोज सांगाले लावस. दीपक गेल्यावर कुणी तिला सांगितलं होतं का, सासूची भाषा पोरांच्या तोंडात ठेव म्हणून?

तू म्हणाला होतास, पोरं न्यावीशी वाटली तर तिच्याशी बोल. मी बोलले. गच्चीत वाळलेले कपडे काढताना. पण पोरं नेण्याबद्दल नाही. ते तर मी चार दिवसांतच सोडलं होतं.

तुझं पहिलं पत्र मी चुकीचं वाचलं, पण त्या आठवड्यात मी जे झुरले ते खरं होतं. झुरता झुरता मनात आलं होतं, ती खरंच उद्या लग्न करायचं म्हणाली तर मी काय करणार? पोरं ओढून घेईन, तिला उंबऱ्याबाहेर ठेवीन? मग तिने पोरांसाठी केलं ते सगळं कुणाच्या खात्यावर मांडायचं? म्हणून मी तिला विचारलं, "बाय, तुला कधी आपल्या मराठीतली नवरी व्हावंसं वाटलं तर? पोरं तुझीच राहतील. मी आजी राहीन, तू मला तेवढी राहू दे."

तिने सुपडूचं झबलं झटकलं, घडी घातली आणि म्हणाली, "आई, आधी गुजराती नवरी तर होऊ द्या. मराठीचं मग बघू."

मी हसले. पण तिने नाही म्हटलं नाही, योगराज. ते मी ऐकलं. माझे कान गेलेत, पण तेवढं ऐकू आलं.

हे तुझ्याजवळ ठेव. जयश्रीला सांगितलंस तरी चालेल, ती तशीही काढून घेईल. घाई करायची नाही. पण कधी कुणी चांगला माणूस दिसलाच, तर आधी तू मोजून घे. पट्टी मोजतोस तसा. खिळ्याचं डोकं वर आलेलं चालणार नाही.

तुझी बहीण
धुरपदाबाई


बमरोली, सुरत
२४ ऑक्टोबर २०२५

ति. बाईस,
योगराजचा नमस्कार.

काल भाऊबीज झाली. तुझ्या नावाने शर्वरीनेच मला ओवाळलं. ओवाळणी तुझ्यासाठी तिच्याकडे दिली आहे, ती सोमवारी तुला मिळेल, कारण सोमवारी ते चौघं तुझ्याकडे येत आहेत. शाळेला अजून सुट्टी आहे. चौघं असं मी मुद्दाम लिहिलं आहे. या वेळी आईला मोजलं आहे.

सुषमा परवा नवरी झाली. शेवटचा गठ्ठा गेला, मार्केट बंद. सकाळी तिचं दार उघडं होतं म्हणून डोकावलो, तर ती झोपलेली. तोंडावर ऊन आलं होतं तरी झोपलेली. तिघं पोरं भिंतीला टेकून ओळीने बसली होती आणि तिच्याकडे बघत होती. सुपडूच्या तोंडावर अमितचा हात. मला बघून शर्वरी चवड्यांवर चालत दारापर्यंत आली आणि कुजबुजली, "मामाआजोबा, अवाज नका करू. मम्मी नवरी झाली."

मी तीस वर्षं मागाजवळ काम करतो. कुजबुज मला ऐकू येत नाही. पण पोरीचे ओठ वाचता आले. मी चपला हातात घेऊन परत आलो.

तासाभराने समोर बघतो तर ती उठून बसलेली, अमितच्या गावी घालायच्या चड्डीला नाडी ओवत होती. मी म्हटलं, एवढंच नवरीपण? म्हणाली, मामा, बस झालं, आता अंग दुखायला लागलं.

तू सांगितलेलं ध्यानात आहे. मोजपट्टी माझ्या खिशातच असते. घाई नाही.

जयश्रीचा नमस्कार. तिने अनारसे पाठवले आहेत, वाल्मिकच्या हाती आधी देऊ नकोस.

तुझा
योगराज

ता. क. पाळण्याचं सांगायचं राहिलं. सुपडूचे पाय आता बाहेर येतात, तो खाली झोपतो. उधन्याचा एक फर्निचरवाला कुणाकडून तरी ऐकून बघायला आला होता. पट्टी दाबून दाबून बघत होता. त्याला पाळणा हवा होता आणि त्याचं ड्रॉइंगही, तसेच आणखी बनवायला. विचारलं, बनवला कोणी? मी म्हटलं, आम्ही दोघांनी. लाकूड, दांडा, पट्टी माझी. झुलणं सुषमाचं. ट्यूबच्या तुकड्याशिवाय तो माग आहे. सुषमा म्हणाली, मामा, तुमची वस्तू, तुम्ही ठरवा, आम्हाला आता लागत नाही. मी सांध्यांना तेल घातलं, जुन्या साडीत गुंडाळून पाळणा माळ्यावर ठेवला आणि त्याला सांगितलं, विकायचा नाही, आमच्या घरात हा पुन्हा लागू शकतो. सुषमाने ते ऐकलं. त्याच्यापुढे चहा ठेवला. तो एकवीस हजार देत होता.